वळणावरची छत्रीवाली

प्रिय टकळे,

‘प्रिय’ लिहिलं आणि त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसले. खोडावासा वाटला. पण पत्र शिव्यांनी सुरू करायची मला सवय नाही, आणि नुसतंच ‘टकळे’ लिहिलं तर तुला वाटेल की मी अजून लाडानेच हाक मारतेय. तसं काही डोक्यात आणू नकोस. हे नाव मीच तुला ठेवलं होतं. तुझी टकळी एकदा सुरू झाली की गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा लेप वाळून तडकला तरी थांबायची नाही, म्हणून. तेव्हा ते कौतुकाने ठेवलं. आता वापरतेय ते केवळ तुझं खरं नाव घ्यायला जीभ वळत नाही म्हणून. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पत्रात कुणाला मधेच तोंड घालता येत नाही. तेव्हा एकदा तरी माझं पुरतं ऐक. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

पार्लर अजून आहे तसंच आहे. तुझी खुर्ची खिडकीजवळ होती तिथेच आहे, फक्त तिच्यावर आता एक घुमी मुलगी काम करते. भुवया तुझ्याइतक्या रेखीव नाही कोरत, पण बोलत नाही, हे मला फार आवडतं. मागच्या भिंतीवरचा टीव्ही मी कायमचा बंद करून टाकलाय. गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्यांना आठवतं ना, आरशात बघत बघत मालिका पाहायची ती मजा. आरशात बातम्यांची पट्टी उलटी धावायची आणि तू ती उलटीच झरझर वाचून दाखवायचीस. सगळ्या बायका खुर्च्या सोडून तुझ्याभोवती जमायच्या. त्या मालिकेतली सासू आठवते? वर्षभर बेशुद्ध पडून होती आणि रोज नवी लिपस्टिक लावून बेशुद्ध असायची. तू म्हणाली होतीस, “बघा हं, ही उठणार आणि पहिला शब्द बोलणार, विष!” आणि खरोखर ती उठली आणि ‘विष’ म्हणाली. त्या दिवशी हसून हसून माझ्या हातून एका बाईची झुलपं वाकडी कापली गेली आणि तीसुद्धा रागवायचं सोडून हसत राहिली. खोटं कशाला सांगू, सकाळी पार्लर उघडायला मी जायचे ती तुझी बडबड ऐकायला जायचे. माझ्या घरी कुणी एवढं बोलणारं नव्हतंच. आमचे हे म्हणजे गाडी सुरू करताना जेवढा आवाज होईल तेवढंच बोलणारे.

आणि मग तुझी ती छत्रीवाली. बंद पडलेल्या कारखान्याच्या खाली, उतारावरच्या मोठ्या वळणावर जी उभी असते ती. मी या गावात आले तेव्हा लोक एवढंच म्हणायचे की त्या वळणावर कधीतरी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. बस. बाई की पुरुष हेही कुणाला माहीत नव्हतं. तिला बाई तू केलंस. मग एका आठवड्यात तिला छत्री मिळाली. पुढच्या महिन्यात छत्री हिरवी झाली. मग तिने गाडीला हात केला आणि गाडी थांबवली तर मागची सीट ओली होते, नाही थांबवली तर पुढे ब्रेक लागत नाहीत, असं ठरलं. मी माझ्या खुर्चीमागे कात्री चालवत चालवत त्या बाईला वाढताना पाहिलंय, टकळे. आपल्या पार्लरमध्ये जन्मली ती. इथून बायका तिला घरी घेऊन गेल्या, मुलांना सांगितलं, मुलांनी शाळेत सांगितलं, आणि वर्षभरात पलीकडच्या गावची बाई मला सांगायला लागली की ही गोष्ट तिच्या आजीने तिला सांगितली होती म्हणे! आपण दोघी त्यावर किती हसलो. तू म्हणालीस, “बघ, माझी छत्रीवाली आता म्हातारी झाली.” मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. एवढी बोलकी मैत्रीण कुणाकुणाला असते?

यांना ती गोष्ट आवडायची नाही. त्यांना रोज त्याच उतारावरून डेपोची बस न्यायची असायची. पण तुझ्या लेकीसमोर, चिंगीसमोर मात्र यांचा चेहरा खुलायचा. ती कॉलेजातून येऊन आपल्या दोघींची वाट बघत आमच्याच घरी बसायची, ‘काका, क्लच म्हणजे नेमकं काय हो?’ असलं काहीतरी विचारत. एवढ्या मोठ्या मुलीला हे जेवणाच्या टेबलावर ताटल्या आणि वाट्या मांडून गिअर शिकवायचे. एका रविवारी संध्याकाळी आपण चौघं बसलो होतो, तुला आठवत असणारच. चिंगीने चिडवलं, “काका, आज भेटली का आईची छत्रीवाली?” आणि हे, कधी नव्हे ते, मान वर न करता म्हणाले, “भेटली की. तिकीट मागितलं तर म्हणाली, पास आहे.” आपण तिघी किंचाळून हसलो. वर्षानुवर्षांच्या संसारात यांनी केलेला हा बहुधा एकमेव विनोद असेल. आणि त्यानंतर लगेच, हसू ओसरायच्या आत, हे गंभीर झाले. तुझ्याकडे बघून म्हणाले की छत्रीवालीचं सोडा, त्या गाडीची मला खरी भीती वाटते. उतारावर दोनदा-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेकमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा खाली येतो, मग पॅडल नुसतंच पायाखाली जातं, गाडी धरत नाही. वर्कशॉपच्या साहेबांना सांगून थकलो, ते म्हणतात, ‘चालतेय ना? मग चालव.’ तू तेव्हा काय म्हणालीस तेही मला आठवतं. तू म्हणालीस, “भाऊजी, तुम्ही हट्ट धरा, घेऊच नका ती गाडी.” चांगलं बोलली होतीस. म्हणजे तू ऐकलं होतंस. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर तुला हे काही आठवेना.

अपघाताचं तुला काय सांगू? तूच पहिली धावत आलीस. सकाळची गाडी, भरलेली, त्याच उतारावर ब्रेक धरेना. दरीकडे जाऊ नये म्हणून यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि थांबवली. सगळे वाचले, दरवाजाजवळच्या पहिल्या सीटवर बसलेले, आपल्या पार्लरसमोर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी सोडून. यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं आणि स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हे एकच विचारत होते, “पुढे बसले होते ते कसे आहेत?” मी यांच्याजवळ इस्पितळात होते. तू माझ्या वतीने घर बघत होतीस, माझ्या सासूबाईंना जेवू घालत होतीस. एवढं तुझं मी मानते. पण त्याच दिवशी दुपारी त्या वळणावर बातमीवाल्यांची गाडी आली आणि तू सासूबाईंचं ताट तसंच ठेवून तिकडे गेलीस.

मी ते इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत पाहिलं. तिथेही टीव्ही होता, आणि समोर आरसा नव्हता, त्यामुळे पट्टी सरळ होती. ‘वळणावरच्या बाईने घेतला बळी?’ खाली ही अक्षरं आणि वर तू. केस नीट केले होतेस. ओठांना रंगही होता. त्या बातमीवाल्या पोराने विचारलं की चालकाला तुम्ही ओळखता का, आणि तू म्हणालीस, “अहो, घरचेच आहेत. त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं, ती मला दिसते म्हणून. माझ्याशी बोलते म्हणाले.” माझ्या शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी नातेवाइकांनी ‘अरे देवा’ म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी तिथून उठलेही नाही. मला वाटलं, आता ही पुढचं बोलेल. आता म्हणेल, पण गाडीचे ब्रेक खराब होते, त्याबद्दलही ते बोलले होते. तू बोलली नाहीस. तू हात कपाळाला लावून छत्री कशी धरलेली असते ते दाखवलंस.

नंतर मी तुला जाब विचारला तेव्हा तू रडलीस. म्हणालीस, “अगं, ब्रेकचंही बोलले होते मी, त्यांनी कापलं.” मग म्हणालीस, “आणि लोक ‘प्यायला होता’ म्हणत होते, त्यापेक्षा भूत बरं ना? लोकांना दया येईल भाऊजींची.” खरं सांगू, तेव्हा मी तुझ्यावर विश्वास ठेवला. ठेवायचा होता मला. माझं माणूस अंथरुणात पडलेलं, गावातली निम्मी माणसं दाराशी यायची बंद झालेली, तुलाही गमावून मी कुणाकडे जाणार होते? मी एवढंच म्हटलं, की ठीक आहे, कापलं तर कापलं, आता चौकशी होणार आहे, तिथे येऊन सांग. तिथे कुणी कापणार नाही. तू माझा हात धरून ‘येते’ म्हणालीस.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, आणि भिंतीला लावलेला पडदा. यांचा हात गळ्यात बांधलेला. हे ब्रेकबद्दल बोलले, साहेबांना कितीदा सांगितलं ते बोलले. वर्कशॉपचे साहेब म्हणाले, मला कधीच काही सांगितलं नाही. गाडीचा पुढचा भाग तोवर दुरुस्त होऊन रंगसुद्धा झाला होता, तेव्हा तपासायचं काय? आणि मग त्यांच्या वकिलाने पडद्यावर तुला लावलं. तीच तू, तेच ओठ, तीच छत्री धरायची नक्कल. खोलीत एकजण खुदकन हसला. मधल्या माणसाने अगदी मायेने, आजारी मुलाशी बोलावं तसं यांना विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला ती बाई दिसली होती का?” हे म्हणाले, “तो विनोद होता, साहेब.” मधला माणूस म्हणाला, “पण विनोद केला होता ना?” मी दाराकडे बघत होते. तुझी वाट बघत होते. तुझा निरोप आला की अंगात ताप आहे. त्याच संध्याकाळी तू दुसऱ्या वाहिनीवर दिसलीस, या वेळी स्टुडिओत, काचेच्या टेबलामागे, ‘गावोगावच्या गूढ कथा’ सांगताना. ताप तुझ्या अंगाला बराच शोभत होता.

निकाल असा लागला की यांची मनःस्थिती गाडी चालवण्याजोगी नाही. नोकरीवरून काढलं नाही, फार दयाळू माणसं ती. डेपोत हरवलेल्या वस्तूंची एक खोली आहे, फाटकाला लागून, तिथे यांना बसवलं. लोक गाडीत विसरलेले डबे, चष्मे, एखादी चप्पल, आणि छत्र्या. सगळ्यात जास्त छत्र्याच. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एक हिरवी छत्री उघडून यांच्या खुर्चीवर ठेवली होती. यांनी ती मिटली, तिला चिठ्ठी बांधली आणि फळीवर ठेवून दिली. घरी येऊन मला सांगितलं नाही, मला एका कंडक्टरच्या बायकोने सांगितलं, तेही माझ्याकडून केस कापून घेताना, आरशात माझा चेहरा बघत बघत. असं बघायला तूच शिकवलंस या बायकांना.

एक गोष्ट तुला माहीत नाही. घड्याळजींची बायको एकदा आमच्या घरी आली होती. मला वाटलं शिव्या द्यायला आली असेल, मी दारातच उभी राहिले. ती आत येऊन यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, “मला फक्त एकदाच खरं सांगा. ती तुम्हाला दिसली होती ना?” तिचा चेहरा असा होता की मला वाटलं, यांनी ‘हो’ म्हणावं. हो म्हटलं की ती बाई सुटेल, रडेल, घरी जाऊन झोपेल. हे म्हणाले, “नाही, वहिनी. ब्रेक लागला नाही. तो दुरुस्त करून द्यायला हवा होता, कुणी करून दिला नाही. आणि मी ती गाडी बाहेर काढायलाच नको होती.” ती उठून गेली. तेव्हापासून ती यांच्याशी बोलत नाही, पण यांचं खरं मानल्यासारखी डेपोच्या गाडीतही पाऊल टाकत नाही, पायी जाते सगळीकडे. तुझ्या गोष्टीने जे सोपं केलं असतं ते यांनी अवघड करून ठेवलं, आणि मी त्या दिवसापासून या घुम्या माणसाचा मनापासून आदर करते. तुझा आदर कसा करायचा ते मात्र मला सुचत नाही.

तू पार्लर सोडून गावाच्या त्या टोकाला राहायला गेलीस, तुझा तो कार्यक्रम सुरू झाला, सगळं मला कळत होतं. बायका सांगायच्या, आता टकळीने तळ्यातला घोडा काढलाय, आता पुलाखालचा म्हातारा काढलाय. काढ. बोलून बोलून तुझं तोंड दुखेपर्यंत काढ. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. तू पाठवलेल्या गोड गोड निरोपांना मी उत्तर दिलं नाही आणि यापुढेही देणार नाही. मागच्या महिन्यात तू लिहिलंस की झालं गेलं विसरून जाऊ, एकदा बसून पूर्वीसारखी एखादी मालिका बघू. मी तो निरोप वाचून पहिल्यांदा हसले. आणि तरीही आज मी तुला हे पत्र लिहितेय, कारण या जगात मला हवं ते काम करू शकणारं दुसरं माणूस नाही, आणि याचीच मला शिसारी येते.

तुझी चिंगी डेपोत चालक म्हणून लागली हे मला यांनी सांगितलं. त्या दिवशी हे घरी शिट्टी वाजवत आले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, पोरगी काय सफाईने गाडी मागे घेते! मग या सोमवारी हे घरी आले ते चप्पल न काढता खुर्चीत बसले. तिला तीच गाडी दिलीय, टकळे. रंग बदलला, क्रमांक बदलला, पण डाव्या आरशाचा दांडा यांनीच वाकवून बसवलेला आहे, तो तसाच आहे. जुन्या मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं तर तो म्हणाला, पुढचा पत्रा बदलला, काच बदलली, ब्रेकला कुणी हात लावला नाही, आणि माझं नाव कुठे घेऊ नका. आणि मधली वर्षं सपाटीवर चालवलेल्या त्या गाडीला मार्ग आता पुन्हा तोच, उताराचा. हे साहेबांकडे गेले. साहेबांनी विचारलं, “काय हो, बाई परत दिसायला लागली का?” खोलीतले सगळे हसले. मग हे चिंगीकडे गेले. फाटकाजवळ गाडी थांबवून तिने सगळं ऐकून घेतलं, गुणी आहे ती, मोठ्यांचं ऐकून घेते. आणि मग यांच्या हातावर हात ठेवून, अगदी प्रेमाने म्हणाली, “काका, तुम्ही काळजी नका करू. आई म्हणते, तुम्हाला अजून त्रास होतो त्या बाईचा.” त्या रविवारी ती आपल्यासोबत टेबलाशी बसली होती, विनोद तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण तू तीच गोष्ट तिला इतकी वर्षं सांगत राहिलीस की पोरीला आता तुझंच आठवतं. मी तिला फोन केला तर म्हणाली, “मावशी, तू त्यांना एकदा डॉक्टरांना दाखव ना.” म्हणून तुला लिहितेय. माझी माफी मागू नकोस, मला ती नको आहे. यांचं नाव कुठे स्वच्छ करू नकोस, त्यालाही उशीर झालाय. फक्त आजच, पार्लरमधल्या मुलीच्या हाती पाठवलेलं हे पत्र मिळेल त्या क्षणी, चिंगीसमोर जाऊन बस आणि तिला सांग की काकांना कधीच काही दिसलं नव्हतं, मी खोटं बोलले, ब्रेकचं खरं आहे. रडू नकोस, रंगवू नकोस, हात कपाळाला लावू नकोस. एवढंच चार शब्दांत सांग. तुझं बोलणं सगळं गाव खरं मानतं, तुझी लेक तर मानेलच. ती उद्याही सकाळची गाडी काढणार आहे.

तुझी आता कुणीच नाही, पण चिंगीची अजून मावशीच